साक्षीदाराला आधी सांगू द्या

फ्रँकफुर्टला पाहुणे आले की आपण त्यांना काय काय दाखवतो याची यादी ठरलेली आहे. रोमर चौक, ग्योथेचं घर, माइन नदीवरचा लोखंडी पूल, वेळ असेल तर पाम गार्डन. गालुस त्या यादीत नसतं. पण तुम्ही इथे राहत असाल, किंवा कधी कामासाठी आलात आणि एखादी दुपार मोकळी मिळाली, तर मुख्य स्टेशनावरून एस-बाननं फक्त एक स्थानक पुढे जा. गालुसवार्टेला उतरा आणि फ्रांकेनआले या झाडांच्या रस्त्यावर ‘हाउस गालुस’ शोधा. इमारत अगदी साधी आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या नाट्यगृहाची आठवण यावी अशी. हॉल समारंभांना, सभांना भाड्याने मिळतात.

१९६४च्या एप्रिलमध्ये ही इमारत नवीकोरी होती आणि तिच्यात कोर्ट भरत होतं. खटला क्रमांक ४ केएस २/६३, ‘मुल्का आणि इतर’. जग त्याला फ्रँकफुर्टचा आउशवित्झ खटला म्हणून ओळखतं. २० डिसेंबर १९६३ ला तो रोमरमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहात सुरू झाला, कारण एवढे आरोपी, वकील आणि पत्रकार मावतील असं दालन कोर्टाकडे नव्हतं. नंतर तो गालुसला हलला. सुरुवातीला २२ आरोपी होते, शेवटपर्यंत २० उरले. १८३ दिवस कामकाज चाललं. सुमारे ३६० साक्षीदार झाले, त्यांतले २११ जण आउशवित्झमधून जिवंत बाहेर पडलेले.

तुम्हाला वाटेल, हिटलर आणि छळछावण्या हा विषय आता चावून चोथा झालेला आहे. खरं आहे. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला भारतातला कुणीतरी काका फोनवर हिटलरबद्दल विचारतोच. पण मला सांगायचं आहे ते कोर्टाबद्दल आणि वकिलांबद्दल. आज जर्मन समाज स्वतःच्या पापाबद्दल मोकळेपणानं बोलतो, शाळेतल्या मुलांना छावण्या दाखवायला नेतो, आणि आपण समजतो की हा या लोकांचा स्वभावच असावा. तसं नव्हतं. १९५०च्या दशकात इथे या विषयावर गप्प बसायची रीत होती. ती मोडली गेली ती बऱ्याच अंशी एका फौजदारी खटल्यात, आणि तिथे हत्यार होतं ते एवढंच, की जे लोक त्यातून गेले होते त्यांनी साक्षीदाराच्या जागी बसून आपली हकीकत सांगणं.

इथे जर्मन कायद्यातली एक बारीकशी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे कोर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर पिंजरा येतो आणि वकिलाचे प्रश्न येतात. सरतपासणी, मग उलटतपासणी, ‘हो की नाही एवढंच सांगा’. इंग्रजांकडून आलेल्या पद्धतीत साक्षीदाराची कहाणी प्रश्नांच्या चिमट्यानं तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढली जाते. जर्मन फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ६९ वेगळं सांगतं. साक्षीदाराला जे माहीत आहे ते त्यानं आधी सलग, संदर्भासह सांगावं, आणि त्याला तसं सांगायला लावणं हे न्यायाधीशाचं काम. प्रश्न नंतर. शिवाय पुरावा शक्यतो तोंडी हवा, साक्षीदार समोर हवा, त्याचा जुना जबाब नुसता वाचून दाखवून भागत नाही. ज्यूरी इथे १९२४ मध्येच गेली. त्यामुळे या खटल्यात तीन व्यावसायिक न्यायाधीश आणि त्यांच्या बरोबरीनं सहा सामान्य नागरिक निकालाला बसले होते. म्हणजे कायद्यानंच कहाणीला जागा करून दिली होती. प्रश्न होता ती सांगायला लोक येतील का, आणि ऐकायला कोण बसेल, एवढाच.

लोक यावेत यासाठी जो माणूस झटला त्याचं नाव फ्रिट्झ बाउअर. जन्म १९०३, श्टुटगार्टच्या ज्यू कुटुंबात. सोशल डेमोक्रॅट. तिशीच्या आत न्यायाधीश झालेला. १९३३ च्या मार्चमध्ये नाझींनी त्याला उचललं आणि हॉयबर्गच्या छावणीत टाकलं. सुटल्यावर तो डेन्मार्कला गेला, १९४३ मध्ये तिथूनही पळून स्वीडनला. १९४९ मध्ये परत आला. का आला असेल, असं कुणालाही वाटेल. ज्यांनी हाकललं तेच लोक अजून खुर्च्यांवर बसले होते, निम्मे न्यायाधीश जुनेच. पण तो आला, ब्राउनश्वाइगला सरकारी वकील झाला, आणि १९५२ मध्ये त्यानं एक असा खटला चालवला ज्यात २० जुलै १९४४ ला हिटलरला मारायचा कट करणारे देशद्रोही नव्हते हे कोर्टात मांडलं. त्यांना देशद्रोही म्हणणाऱ्या माजी सेनाधिकाऱ्याला, ओटो एर्न्स्ट रेमरला, शिक्षा झाली. १९५६ पासून बाउअर हेसन राज्याचा मुख्य सरकारी वकील, कचेरी फ्रँकफुर्टला. आइशमान अर्जेंटिनात लपला आहे ही खबर १९५७ मध्ये त्याच्याकडेच आली होती. ती त्यानं जर्मन यंत्रणेला न देता गुपचूप इस्रायलला दिली, कारण इथून आइशमानला इशारा जाईल याची त्याला भीती होती. आपल्याच खात्यावर एवढा अविश्वास असूनही माणूस त्याच खात्यात बारा वर्षं टिकून राहिला, हे मला त्याच्याबद्दल सर्वांत विलक्षण वाटतं.

आउशवित्झचा खटला त्याच्या हाती लागला तो १९५९च्या जानेवारीत. एका पत्रकारानं त्याला कडा जळालेले काही कागद पाठवले. ब्रेस्लाउच्या एसएस कोर्टातून आगीच्या वेळी बाहेर पडलेले हे कागद एका वाचलेल्या माणसानं जपून ठेवले होते. त्यांत ‘पळून जाताना गोळी घातली’ अशा कैद्यांची आणि गोळी घालणाऱ्यांची नावं होती. त्याच सुमाराला श्टुटगार्टमध्ये एका माजी कैद्याच्या पत्रावरून विल्हेल्म बोगर या माणसाची चौकशी सुरू झाली होती. बाउअरनं सगळं एकत्र फ्रँकफुर्टला आणायची खटपट केली आणि सर्वोच्च फेडरल न्यायालयानं ते मान्य केलं. स्वतः बाउअर कोर्टात उभा राहिला नाही. त्यानं तरुण सरकारी वकील निवडले, योआखिम क्यूगलर आणि गेओर्ग फ्रीडरिश फोगेल, नंतर गेरहार्ड वीझं. हे युद्धात कुठल्याही पदावर नसलेले लोक होते. व्हिएन्नात राहणारा हर्मान लांगबाइन, स्वतः आउशवित्झचा कैदी, जगभरातले साक्षीदार शोधून पत्रं पाठवत होता. आरोपपत्र सुमारे ७०० पानांचं झालं.

आरोपी कोण होते? मुल्का हँबुर्गचा व्यापारी. बोगर श्टुटगार्टला एका कारखान्यात नोकरीला. कापेझिउस ग्योपिंगनमधला सधन औषधविक्रेता. काडुक पश्चिम बर्लिनच्या रुग्णालयात परिचारक, तिथले रुग्ण त्याला लाडानं ‘पापा काडुक’ म्हणत. शेजारीपाजारी. काहीजण जामिनावर मोकळे होते आणि दुपारच्या सुट्टीत साक्षीदारांना त्याच आवारात दिसत होते.

आता अडचण कुठे होती ते बघा. खटला चालला तो १८७१ च्या दंडसंहितेखाली. त्या संहितेला खून माहीत होता, म्हणजे अमुक माणसानं अमुक माणसाला अमुक हेतूनं मारणं. माणसं मारण्याचा कारखाना तिला माहीत नव्हता. त्यामुळे कोर्ट विचारणार ते असं: कोणी, कोणाला, कुठल्या दिवशी, तुम्ही कुठे उभे होतात, दिसत होतं का? आणि समोर बसलेल्या माणसाकडे तेव्हा घड्याळ नव्हतं, कॅलेंडर नव्हतं, स्वतःचं नावही नव्हतं, हातावर गोंदलेला आकडा होता.

कायद्याचा प्रश्न अरुंद आणि माणसाचं दुःख रुंद, हे आपल्याला नवं नाही. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवा. डॉ. आंबेडकरांनी १९२१ मध्ये इथल्याच बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं, हे जाता जाता. १९२७च्या सत्याग्रहानंतर दावा लागला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल झाला. आंबेडकरांच्या बाजूनं झाला. पण कोर्टापुढचा प्रश्न काय होता? माणसाला पाण्यापासून दूर ठेवणं न्याय्य आहे का, हा नव्हताच. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं का, हा होता. ते त्यांना आलं नाही, म्हणून ते हरले. पिढ्यान् पिढ्यांचा अपमान त्या प्रश्नाच्या सुईच्या नाकातून जाणं शक्य नव्हतं. फ्रँकफुर्टलाही तसंच होतं. फरक एवढा, की इथे कलम ६९ मुळे साक्षीदाराला आधी बोलता आलं.

वाचलेल्या साक्षीदारांपैकी पहिला आला ओटो वोल्केन, व्हिएन्नाचा डॉक्टर. २४ फेब्रुवारी १९६४. छावणीत तो कैदी डॉक्टर होता आणि त्यानं चोरून नोंदी ठेवल्या होत्या, कितीजण आले, कितीजण गेले. तो आकड्यांत बोलत होता आणि मध्येच एखाद्या मुलाबद्दल सांगत होता. सभागृह तेव्हापासून भरू लागलं. खटला संपेपर्यंत सुमारे २०,००० लोक तो बघून गेले असं सांगितलं जातं.

दुनिया वासरश्ट्रोम ही बाई छावणीच्या ‘राजकीय विभागात’ दुभाषी म्हणून राबवली गेली होती. एप्रिलमध्ये तिनं सांगितलं की नोव्हेंबर १९४४ मध्ये लहान मुलांना घेऊन एक ट्रक आला. चार-पाच वर्षांचा एक मुलगा खाली उतरला, हातात सफरचंद. बोगरनं त्याचे पाय धरून त्याला भिंतीवर आपटलं. तिला भिंत पुसायला लावली. थोड्या वेळानं तिला दुभाष्याच्या कामासाठी आत बोलावलं तेव्हा बोगर ते सफरचंद खात होता. आपल्याला त्यानंतर कधी मूल नकोसं झालं, असं ती म्हणाली. आधीच्या चौकशीत हे तिनं सांगितलेलं नव्हतं. तुम्ही वकील असाल तर इथे तुमचे कान टवकारतील: आधी का नाही सांगितलं? कोर्टानंही विचारलंच. कारण खाजगी होतं. आता तुम्हीच ठरवा, हे उत्तर साक्षीची किंमत कमी करतं की वाढवतं. अशा गोष्टी पोलिसी जबाबात येत नाहीत, ऐकणारा समोर बसला तर येतात, एवढं ज्यानं कधी कुणाचा जबाब घेतला आहे त्याला ठाऊक असतं.

कापेझिउसचं प्रकरण वकिली नजरेनं पाहिलं तर याहून बोलकं आहे. युद्धाआधी तो बायर कंपनीचा प्रतिनिधी म्हणून ट्रान्सिल्वेनियात डॉक्टरांकडे फिरत असे. गोड बोलणारा, हंगेरियन येणारा. कुणाच्या लहान मुलीला त्यानं कंपनीच्या जाहिरातीची वही दिलेली. १९४४ मध्ये त्याच भागातले ज्यू आगगाडीतून आउशवित्झच्या फलाटावर उतरले तेव्हा हा गणवेशात उभा. खटल्यात त्याचं म्हणणं असं, की मी फलाटावर निवड करायला नव्हतोच, लोक दुसऱ्याच एका डॉक्टरला मला समजतात. अशा वेळी ओळखपरेड कशी करायची? पण डॉ. मॉरिशियस बर्नर साक्षीला आला. त्याची बायको आणि तीन मुली फलाटावर त्याच्यापासून वेगळ्या केल्या गेल्या होत्या. त्यांतल्या दोघी जुळ्या. समोर ओळखीचा चेहरा बघून त्यानं विनवणी केली. जुळ्या म्हटल्यावर कापेझिउसनं मुलींना परत बोलवायला सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, त्यानं नकार दिला, आणि कापेझिउस हंगेरियनमध्ये बर्नरला म्हणाला की रडू नका, त्या फक्त आंघोळीला चालल्या आहेत, तासाभरात भेटतील. ज्या माणसाशी दवाखान्यात बसून बोलणं झालेलं आहे, त्याच्याबाबत ओळखण्यात चूक झाली असं कसं म्हणणार? जुनी ओळख, जिच्या भरवशावर बर्नरनं विनवणी केली होती, तीच वीस वर्षांनी पुरावा झाली. कापेझिउसला नऊ वर्षं झाली.

आणि एला लिंगेन्स. ऑस्ट्रियन डॉक्टर, ज्यूंना मदत केली म्हणून आउशवित्झला गेलेली. तिनं एका अधिकाऱ्याचा उल्लेख केला ज्यानं आपली उपछावणी त्यातल्या त्यात माणुसकीनं चालवली. न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे आउशवित्झमध्ये चांगलं व्हायचं की वाईट हे प्रत्येकाला स्वतः ठरवता येत होतं, असं तुम्हाला म्हणायचं आहे का? ती म्हणाली, नेमकं तेच म्हणायचं आहे. ‘हुकूम होता, काय करणार’ या बचावाला एका वाक्यात इतका मोठा तडा कुठल्याही कागदपत्रानं दिला नसता.

बचावाचे वकील त्यांचं काम करत होते. तारखा विचारत, अंतर विचारत. त्यांतला हान्स लाटर्नझर तर असंही म्हणाला, की हुकूम सगळ्यांना मारायचा होता, तेव्हा फलाटावर निवड करणाऱ्यानं काहींना वाचवलंच. वकिलाला कुठलीही बाजू मांडायचा हक्क आहे हे मला मान्य आहे, तरी हे वाचताना पोटात ढवळतं.

हेन्री ओरमोंड हा पीडितांच्या बाजूचा वकील. जर्मन पद्धतीत मेलेल्याचे नातेवाईक सहफिर्यादी होऊ शकतात, त्यांचा तो प्रतिनिधी. तोही ज्यू, दाखाउच्या छावणीत राहून आलेला. यापूर्वी त्यानं नॉर्बेर्ट वोलहाइम या एका माणसासाठी आय. जी. फार्बेन या बलाढ्य कंपनीवर गुलामीच्या मजुरीचा दावा केला होता आणि १९५३ मध्ये याच फ्रँकफुर्टच्या कोर्टात १०,००० मार्क मिळवले होते. पुढे १९५७ मध्ये त्यातूनच हजारो मजुरांसाठी ३ कोटी मार्कांची तडजोड झाली. आउशवित्झ खटल्यात त्यानं कोर्टानं स्वतः जागा बघावी असा अर्ज केला. पश्चिम जर्मनी आणि पोलंड यांचे राजनैतिक संबंधही नव्हते. तरी डिसेंबर १९६४ मध्ये एक न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील आणि स्वखुशीनं आलेला एक आरोपी आउशवित्झला गेले. तिथे त्यांनी काय केलं? अंतरं मोजली. अमुक खिडकीतून अमुक अंगण दिसतं का ते पाहिलं. एका अर्थी साधा पंचनामा. साक्षीदारांनी सांगितलं होतं ते दिसत होतं.

या सगळ्यात एक गोष्ट कायद्यात कुठेच नव्हती. साक्षीदार पोलंडहून, इस्रायलहून, अमेरिकेहून यायचे, ज्या भाषेत त्यांच्यावर ओरडलं गेलं होतं त्या भाषेच्या शहरात उतरायचे, हॉटेलात एकटे रात्र काढायचे, दुसऱ्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात वाईट सांगायचे आणि परत हॉटेलात एकटे. परदेशात आजारी पडून दवाखान्यात बसलेल्या तुमच्यापैकी कुणालाही याची बारीकशी कल्पना येईल. उर्सुला विर्थ या फ्रँकफुर्टच्या बाईंना हे बघवेना. त्यांनी एमी बोनहॉफर यांना सोबत घेतलं. एमीचे पती क्लाउस बोनहॉफर स्वतः वकील, हिटलरविरोधी कटात होते, एप्रिल १९४५ मध्ये एसएसनं त्यांना गोळी घातली. या बायकांनी आणखी काहीजणांना जमवलं. साक्षीदारांना भेटायचं, कोर्टात घेऊन जायचं, बाहेर आल्यावर शेजारी बसायचं, घरी जेवायला न्यायचं. एमीनं त्या काळात मैत्रिणीला लिहिलेली पत्रं १९६५ मध्ये पुस्तकरूपानं आली. आज जर्मनीत गंभीर गुन्ह्यांतल्या पीडितांना खटल्याच्या काळात सोबत देणारी प्रशिक्षित व्यक्ती मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. तो संहितेत आला २०१७ च्या १ जानेवारीपासून.

बाउअरला आरोपींकडून एक गोष्ट हवी होती. १९६४च्या डिसेंबरमध्ये दूरचित्रवाणीवर तरुणांशी बोलताना तो म्हणाला, की इतके महिने आम्ही वाट पाहतो आहोत, या आरोपींपैकी कुणीतरी, ज्यांची सगळी कुटुंबं गेली त्या साक्षीदारांना एक माणुसकीचा शब्द बोलेल. तो शब्द ऐकून जगानं सुटकेचा श्वास टाकला असता. तो आला नाही.

निकाल १९ आणि २० ऑगस्ट १९६५ ला वाचला गेला. सहा जन्मठेपा, तिघांची निर्दोष सुटका, बाकीच्यांना मुदतीच्या शिक्षा. बोगर आणि काडुक जन्मठेपेवाले. मुल्का मात्र, जो छावणीच्या प्रमुखाचा सहायक होता, तो ‘साह्यकर्ता’ ठरला. किमान चार प्रसंगी प्रत्येकी किमान ७५० माणसांच्या खुनाला साह्य, शिक्षा १४ वर्षं. म्हणजे हातानं मारणारा खुनी, आणि यंत्र चालू ठेवणारा मदतनीस. प्रमुख न्यायाधीश हान्स होफमायर, जे युद्धकाळात स्वतः लष्करी न्यायाधीश होते, निकालाच्या शेवटी मुलांच्या डोळ्यांबद्दल बोलताना गहिवरले, हे ध्वनिफितीत ऐकू येतं.

बाउअरचं म्हणणं हरलं होतं. संपूर्ण छावणी हे एकच कृत्य माना, तिथे काम करणारा प्रत्येकजण त्यात सहभागी, असं त्याचं मत होतं. १९६९ मध्ये फेडरल न्यायालयानंही ते नाकारलं. ते पाहायला तो नव्हता, १ जुलै १९६८ ला तो घरी मृत आढळला. त्या मताला कोर्टात मान मिळायला २०११ उजाडलं, म्युनिकचा डेम्यान्युक खटला. मग २०१५ मध्ये ल्युनेबुर्गला ओस्कार ग्र्योनिंग, छावणीत आलेल्यांचे पैसे मोजणारा कारकून, ९४ वर्षांचा, चार वर्षांची शिक्षा. त्यानं मात्र पहिल्याच दिवशी नैतिक दोष कबूल केला. सहफिर्यादी एव्हा कोर, लहानपणी आउशवित्झमध्ये मेंगेलेच्या प्रयोगांतून जुळ्या बहिणीसह वाचलेली, उठून त्याच्याकडे गेली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला. इतर सहफिर्यादींना ते आवडलं नाही, त्यांनी जाहीरपणे तसं सांगितलं. मलाही कुणाची बाजू घ्यावी कळत नाही. पण बाउअर ज्या शब्दाची वाट बघत होता तो पन्नास वर्षांनी असा, भांडण उभं करत आला.

१९६४च्या त्या साक्षी तुम्हाला आज ऐकता येतात. सुमारे ४३० तासांच्या ध्वनिफिती वीसबाडेनच्या राज्य अभिलेखागारात आहेत, २०१७ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं, आणि फ्रिट्झ बाउअर संस्थेनं त्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत. खरं तर त्या काम झाल्यावर पुसून टाकायच्या होत्या, रेकॉर्डिंग केलं ते फक्त न्यायाधीशांच्या सोयीसाठी. जर्मन फारसं येत नसेल तरी एखादी लावून बघा. सुरुवातीला होफमायर जवळजवळ प्रत्येकाला तेच विचारतात: कोर्टाच्या स्मरणशक्तीला आधार म्हणून तुमचं बोलणं टेपवर घेतलं तर तुमची हरकत नाही ना? मग थोडी खरखर, कधी दुभाषीचा आवाज, आणि साक्षीदार म्हणतो, ‘या’.

मग तो सांगायला लागतो.